रॉकेट उतरवतं कोण? इंजिन, की हवा?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमच्या फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, बनवणारे एक मामा आहेत. लाकडावर हात फिरवला की त्यातून धातूचा कसला तुकडा निघणार, हे त्यांना आधीच दिसतं. एका दुपारी चहाच्या वेळी मी त्यांना मोबाइलवर स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा खालचा टप्पा समुद्रातल्या तराफ्यावर उतरतानाचा व्हिडिओ दाखवला. चाळीस मीटरहून उंच नळकांडं आभाळातून उभंच्या उभं खाली येतं, शेवटच्या काही सेकंदांत बुडाशी ज्वाळा फुटते, चार पाय उघडतात आणि ते थांबतं. मामांनी तो दोनदा बघितला. मग म्हणाले, "आरं, इंजिन खालच्या अंगाला पेटवलं की थांबतंय की! यात हवेचं एवढं संशोधन कसलं करायचं?"

प्रश्न रास्त होता. चहा संपेपर्यंत मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. नंतर जे वाचलं आणि जे कागदावर मांडून पाहिलं, ते इथं लिहितो आहे.

आधी हिशेब करू. फाल्कन ९ चं थेट प्रक्षेपण चालू असताना पडद्यावर डाव्या कोपऱ्यात खालच्या टप्प्याचा, म्हणजे बूस्टरचा, वेग आणि उंची दिसत असते. प्रत्येक मोहिमेत आकडे थोडे वेगळे असतात. तराफ्यावर उतरणाऱ्या बूस्टरचे ढोबळ आकडे असे: सुमारे साठ किलोमीटर उंचीवर तो ताशी ८००० किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येत असतो. तिथं तीन इंजिनं वीस-तीस सेकंद पेटतात आणि वेग साधारण ५५०० वर येतो. मग इंजिनं बंद. त्यानंतर एक इंजिन पुन्हा पेटतं ते अगदी शेवटी, आणि तेव्हा वेग उरलेला असतो हजाराच्या आसपास.

म्हणजे ५५०० वरून १००० पर्यंत वेग कुणी उतरवला? इंजिनं तर बंद होती.

ते काम हवेनं केलं. नुसत्या वेगाच्या आकड्यांवरून हे काम किती मोठं आहे ते कळत नाही, कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना गाडीचा वेग दुप्पट झाला तर ब्रेकवरचं काम चौपट होतं, हे घाटात गाडी चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. तोच नियम इथं लावा. ८, साडेपाच आणि १ यांचे वर्ग ६४, ३० आणि १. समजा बूस्टरच्या खिशात सुरुवातीला ६४ रुपये आहेत आणि जमिनीवर टेकताना खिसा रिकामा हवा आहे. पहिल्यांदा पेटलेल्या तीन इंजिनांनी त्यातले ३४ रुपये खर्च केले. हवेनं २९ खाल्ले. आणि आपण सगळे श्वास रोखून जी शेवटची ज्वाळा बघतो, तिच्या वाट्याला आला एक रुपया. शिवाय साठ किलोमीटर खाली येताना गुरुत्वाकर्षण खिशात आणखी पैसे टाकतच असतं. तेही बहुतांश हवेलाच संपवावे लागतात.

हे उत्तर हातात आल्यावर मामांचा प्रश्न मला उलटा दिसू लागला. हवा एवढा मोठा वाटा उचलते, आणि त्यासाठी तिला इंधनाचा एक थेंबही द्यावा लागत नाही. उतरण्यासाठी राखून ठेवलेलं प्रत्येक किलो इंधन हे वर नेता न आलेल्या सामानाच्या हिशेबात जमा होतं. म्हणून हवेकडून जास्तीत जास्त काम करून घेणं हाच सगळा डाव. खासबागेत धोबीपछाड मारणारा पैलवान समोरच्याचाच जोर वापरून त्याला आडवा करतो. इथंही बूस्टरचा स्वतःचा वेगच हवेला त्याच्यावर दाबायला लावतो, आणि त्याच दाबानं तो वेग मोडतो. फक्त पकड चुकली तर बूस्टरच मोडतो.

पकड कुठं चुकते, ते समजून घ्यायला हवेचा दाब कसा वाढतो ते बघावं लागतं. समोरून येणाऱ्या हवेचा दाब दोन गोष्टींवर ठरतो: हवा किती दाट आहे, आणि वेगाचा वर्ग. साठ किलोमीटरवर हवा जमिनीजवळच्या हवेच्या सुमारे चार हजारांश इतकी विरळ असते. चाळीस किलोमीटरवर तीनशेंश, वीसवर चौदांश, दहावर एक तृतीयांश. आता गंमत बघा. साठ किलोमीटरवर ताशी ८००० चा वेग असूनही दर चौरस मीटरला हवेचा रेटा भरतो पंच्याहत्तर किलो वजनाइतका. पुणे-बंगळूर हायवेवर ताशी ८० नं मोटरसायकल चालवताना छातीवर जो रेटा जाणवतो, त्याच्या अडीचपट, बास. पण तोच बूस्टर वीस किलोमीटरवर समजा ताशी ४३०० नं आला, तर वेग जवळपास निम्मा झालेला असूनही दर चौरस मीटरला साडेसहा टनांचा रेटा बसतो. दाट हवेनं सगळा हिशेब पालटलेला असतो. हे आकडे मी शाळेतल्या सूत्रानं काढले आहेत, कुठल्याही कंपनीची माहिती म्हणून ते घेऊ नका. पण चित्र असंच आहे: वर काहीच नसल्यासारखं, आणि मग काही सेकंदांत भिंत.

विरळ हवेचा विषय निघालाच आहे तर कोल्हापूरची एक गोष्ट सांगायलाच हवी. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं एक रडार केंद्र आहे. १.९८ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सुमारे दीडशे मीटर लांबीच्या रेडिओ लहरी ते आभाळात सोडतं. ऐंशी ते शंभर किलोमीटर उंचीवरच्या किंचित विद्युतभारित हवेवरून त्यांचा क्षीण भाग परत येतो. ते प्रतिध्वनी जमिनीवर थोड्या थोड्या अंतरावर ठेवलेल्या अँटेनांनी टिपायचे आणि त्यांचा नमुना कुठल्या दिशेला किती वेगानं सरकतो, त्यावरून तिथल्या वाऱ्याचा वेग काढायचा. या मोजमापांवरून कितीतरी शोधनिबंध निघाले आहेत. ज्या थरात ढग नाहीत, विमान पोचत नाही, फुगाही पोचत नाही, तिथला वारा आपल्या सागरमाळाजवळून मोजला जातो. बूस्टरही आपल्या उड्डाणाचं शिखर साधारण याच उंचीवर किंवा त्याच्या थोडं वर गाठतो. त्या कामाचा रॉकेट उतरवण्याशी थेट संबंध नाही. पण एवढ्या वर हवा आहे आणि ती वाहते, हे माझ्या शहरातून मोजलं जातं, याचा मला अभिमान वाटतो.

आता उतरणाऱ्या बूस्टरकडे. पहिला प्रश्न: हा लांबलचक सिलिंडर आडवा का होत नाही?

बॅडमिंटनचं शटल आठवा. कसंही फेका, हवेत ते वळतं आणि बुचाचा भाग पुढं, पिसं मागं असं येतं. वजन पुढं, हवा धरणारा भाग मागं. रिकाम्या बूस्टरचंही तसंच असतं. टाक्या जवळजवळ कोरड्या, नऊ इंजिनं बुडाशी. त्यामुळे तोलाचा बिंदू खाली, इंजिनांच्या बाजूला सरकलेला असतो. इंजिनं पुढं करून पडताना हवेनं लावलेल्या सगळ्या जोराचा मध्य तोलबिंदूच्या मागं राहिला तर बूस्टर आपोआप सरळ राहतो. तो पुढं सरकला तर किंचित कललेला बूस्टर आणखी कलतो आणि गिरकी घेतो. अडचण अशी की हा जोराचा मध्य एका जागी बसत नाही. वेग बदलला, कोन बदलला, इंजिन पेटलं की तोही बदलतो. तो कुठल्या क्षणी कुठं असेल, हे आधी सांगता येणं हा या संशोधनाचा मोठा भाग आहे.

आणि नुसतं सरळ पडून भागत नाही. तराफ्याच्या मधोमध उतरायचं तर वळावंही लागतं. बूस्टर हवेत थोडा तिरका धरला तर त्या गोल अंगावरही उचल निर्माण होते आणि तो थोडासा तरंगत, सरकत येतो. तिरका धरायला लागतात सुकाणू. त्यासाठी वरच्या टोकाशी चार जाळीदार पट्ट्या असतात, त्यांना ग्रिड फिन म्हणतात.

मामांना मी या फिनचा फोटो दाखवला तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "ही तर वाळूची चाळण!" दिसते खरी तशीच. जाड चौकटीत चौकोनी घरं, हवा आरपार जाणारी. ही कल्पना सोव्हिएत संघातली, १९५० च्या दशकातली. सर्गेई बेलोत्सेर्कोव्स्की यांच्या गटानं तिच्यावर काम केलं. सोयुझ अवकाशयानाच्या सुटकाव्यवस्थेत आणि रशियन क्षेपणास्त्रांवर अशा फिन वापरल्या गेल्या. फायदा साधा आहे. विमानाच्या पंखासारखा सपाट सुकाणू लांब-रुंद असतो, त्यामुळे त्याला फिरवायला मोठा जोर लागतो. चाळणीत त्याच क्षेत्रफळाच्या अनेक छोट्या पट्ट्या एकमेकींशेजारी रचलेल्या असतात. पुढून मागं तिची खोली फार कमी. म्हणून बिजागरीवर येणारा पीळ कमी, छोटी मोटर पुरते. उड्डाणाच्या वेळी ती अंगाला चिकटवून मिटताही येते.

पण या चाळणीची एक खोड आहे, आणि तीच मला सगळ्यात रंजक वाटते. आवाजाच्या वेगाच्या बरंच वर ती उत्तम चालते. बरंच खाली असतानाही ठीक चालते. मधेच, आवाजाच्या वेगाच्या आसपास, तिचा हात सुटतो. कारण प्रत्येक घरात शिरणारी हवा अरुंद जागेतून जाताना वेग घेते. घराच्या आत ती आवाजाच्या वेगाला पोचली की त्याहून जास्त हवा तिथून जाऊच शकत नाही. नवरात्रात अंबाबाईच्या महाद्वारात होतं तसं: मागून कितीही माणसं रेटली तरी दारातून तासाला तेवढीच आत जातात, बाकीची गर्दी दारापुढं तुंबते आणि बाजूनं पसरते. हवाही तशीच फिनपुढं तुंबते, धक्कालहर, म्हणजे एकदम दाबल्या गेलेल्या हवेची पातळ भिंत, फिनच्या पुढ्यात उभी राहते, आणि चाळणी एखाद्या बंद फळीसारखी वागू लागते. अडवते भरपूर, वळवते कमी. उतरताना हा टप्पा टाळता येत नाही, कारण बूस्टरला आवाजाच्या वेगाच्या वरून खाली यायचंच असतं. म्हणून घरं किती मोठी, भिंती किती पातळ, कडा किती धारदार, कडेला मागं किती झुकाव, यावर ढीगभर चाचण्या झाल्या आहेत. फाल्कनच्या नव्या फिनच्या कडा सरळ नाहीत, दातेरी कापलेल्या आहेत.

धातूचं सांगायचं राहिलं. आधीच्या फिन ॲल्युमिनियमच्या होत्या, वर उष्णतारोधक लेप. तरी परतताना त्या भाजून निघायच्या. जून २०१७ मध्ये टायटॅनियमच्या फिन पहिल्यांदा उडाल्या. एक अखंड तुकडा, ओतून आणि कापून केलेला, लेपाची गरज नसलेला, असं इलॉन मस्क यांनी तेव्हा जाहीर केलं होतं. टायटॅनियम १६६८ अंशांना वितळतं, आणि वितळलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेऊन ठिसूळ होतं. त्यामुळे ते आपल्या उघड्या भट्टीत करता येत नाही, निर्वात भट्टी लागते. हे सांगितल्यावर मामा बराच वेळ तो फोटो मोठा करून भिंतींची जाडी बघत राहिले.

हे सुकाणूही चुका करत करतच शिकले गेले. जानेवारी २०१५ मध्ये फिन लावलेला बूस्टर तराफ्यापर्यंत बरोबर आला, पण फिन हलवणारं हायड्रॉलिक तेल अगदी शेवटी संपलं आणि तो तराफ्यावर आदळला. डिसेंबर २०१८ मध्ये हायड्रॉलिक पंप अडकला, फिन एका जागी थिजल्या, बूस्टर गरागरा फिरला. तरी तो किनाऱ्यावर पडला नाही, समुद्रात उतरला. कारण शेवटचं इंजिन नीट पेटून सगळं ठीक असल्याची खात्री होईपर्यंत बूस्टरचा नेम मुद्दामच पाण्यावर धरलेला असतो.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. त्या ३४ रुपयांची, पहिल्या ज्वाळेची.

वेग आवाजाच्या पाच ते सात पट असताना, समोरून हवा अंगावर येत असताना, त्याच हवेच्या तोंडावर इंजिन पेटवायचं. याला सुपरसॉनिक रेट्रोप्रोपल्शन म्हणतात. पेटवायचं का, ते आधी सांगतो. हवेतून उष्णतेचा जो मारा होतो तो ढोबळमानानं वेगाच्या घनाच्या प्रमाणात असतो. ८००० चे ५५०० केले तर मारा जवळपास एक तृतीयांशावर येतो. बूस्टरला अवकाशयानासारखं जाड कवच नाही. वेग आधीच उतरवला नाही तर दाट हवेत पोचल्यावर तो टिकणार नाही.

पण पेटवल्यावर काय होतं? स्वतः करून बघण्यासारखा प्रयोग आहे. पंचगंगेच्या घाटावर वाहत्या पाण्यात नळीचं तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला धरून जोरात पाणी सोडलं, तर नळीचं पाणी थोडं पुढं जातं, मग नदीचा प्रवाह त्याला अडवतो आणि ते चारी बाजूंनी छत्रीसारखं मागं वळतं. नळी धरणारा हात त्या छत्रीच्या आत येतो. इंजिनाचा झोतही तसाच समोरच्या हवेला भिडतो आणि मागं वळून बूस्टरभोवती पसरतो. बूस्टरच्या पुढ्यात जी धक्कालहर असते ती दूर ढकलली जाते. बूस्टर आता हवेतून पडत नसतो, स्वतःच्याच धुरातून पडत असतो. परत आलेले बूस्टर काळे का दिसतात, याचं कारण हेच. केरोसीनच्या ज्वाळेची काजळी अंगभर बसते. त्यात जो फिकट पट्टा दिसतो तिथं थंड द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीवर बर्फ धरलेला असतो, म्हणून तिथं काजळी टिकत नाही.

यात एक अशी गोष्ट आहे जी पहिल्यांदा वाचताना मला खोटी वाटली होती. इंजिन पेटलं की हवेचा अडथळा कमी होतो. झोताच्या छत्रीनं समोरची हवा बाजूला सारली जाते, त्यामुळे बुडावर हवेचा जो दाब पडत होता तो उतरतो. म्हणजे इंजिनाचा ब्रेक अधिक हवेचा ब्रेक अशी सरळ बेरीज होत नाही. इंजिनाची ताकद वाढवत गेलं की हवेचा वाटा जवळजवळ नाहीसा होऊ शकतो. इंजिन मधोमध एकच आहे की कडेनं तीन आहेत, यावरही हे बदलतं. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात, छोट्या मॉडेलवर हे पाहिलं गेलं होतं. तेव्हाच कळलं होतं की कडेच्या झोतांमध्ये, जोर माफक असेल तर, हवेचा अडथळा बराचसा शाबूत राहतो.

दुसरी अडचण स्थैर्याची. काही स्थितींत झोत समोरच्या हवेत खोलवर घुसतो आणि डोलू लागतो, धक्कालहर पुढं-मागं उसळत राहते. काही स्थितींत तो बोथट होऊन शांत बसतो. त्या डोलण्याचे हिसके बूस्टरला बसतात, कधी एका बाजूनं जास्त. मग तो कलला तर फिन छत्रीच्या सावलीत असतात की बाहेर? सावलीत असतील तर त्यांना धरायला हवाच मिळत नाही.

हे सगळं अनेक दशकं कागदावर आणि बोगद्यात होतं. मोठ्या रॉकेटवर ते पहिल्यांदा घडलं २९ सप्टेंबर २०१३ रोजी. फाल्कन ९ च्या नव्या आवृत्तीचा बूस्टर परतताना तीन इंजिनं पेटली आणि बूस्टर त्या माऱ्यातून सुखरूप बाहेर पडला. पण पुढं हवेनं त्याला स्वतःभोवती असा पीळ दिला की थंड वायूच्या छोट्या झोतांना तो आवरेना. गरगर फिरणाऱ्या टाकीत इंधन भिंतीला चिकटलं, जसं मिक्सरमध्ये चटणी कडेला चिकटते. मधल्या तोंडाशी इंधन पोचलं नाही आणि शेवटचं इंजिन विझलं. फिन लावायचं कारण यातून वेगळं सांगावं लागत नाही.

या प्रयोगाकडं नासा डोळे लावून बसली होती, ती मंगळामुळं. मंगळावर हवा पृथ्वीच्या सुमारे एक टक्का. क्युरिऑसिटी गाडी ९०० किलोची होती, तिला पॅराशूट पुरलं, शेवटी झोतांची मदत घेतली. माणसं न्यायची तर वीस टनांच्या आसपासचं यान उतरवावं लागेल आणि एवढ्या विरळ हवेत त्याला पुरेल असं पॅराशूट बनवणं शक्य दिसत नाही. आवाजापेक्षा वेगानं जाताना इंजिन पेटवणं हाच मार्ग उरतो. आणि फाल्कनचा बूस्टर सत्तर ते चाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात ज्या हवेतून इंजिन पेटवून येतो, ती मंगळाच्या हवेशी मिळतीजुळती. म्हणून सप्टेंबर २०१४ मध्ये नासानं दोन विमानांतून इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी परतणाऱ्या बूस्टरचं चित्रण केलं. कंपनीला मोजमाप मिळालं, नासाला मंगळाची फुकट तालीम.

मग संशोधन नेमकं कसं चालतं? तीन वाटा आहेत आणि एकही एकटी पुरत नाही.

विंड टनेलमध्ये छोटं मॉडेल धरतात आणि त्यावर हवा सोडतात. वेग आवाजाच्या किती पट आहे ते जुळवता येतं. पण मॉडेल लहान म्हणून हवेच्या चिकटपणाचा परिणाम तसाच जुळत नाही. झोत दाखवायला बहुतेकदा थंड दाबलेली हवा सोडतात. खऱ्या इंजिनाचा झोत तापलेला, वेगळ्या वायूंचा. जर्मनीच्या डीएलआर संस्थेनं युरोपीय सहकाऱ्यांबरोबर २०१९ ते २०२२ या काळात चालवलेल्या रेटाल्ट प्रकल्पात कलोनच्या बोगद्यांत थंड झोताच्या चाचण्या केल्याच, शिवाय खरंच पेटलेल्या झोताच्याही केल्या. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण त्यांनी आपले निष्कर्ष सगळ्यांसाठी खुले प्रसिद्ध केले.

दुसरी वाट संगणकाची. हवेची समीकरणं एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत, सोडवता मात्र येत नाहीत. म्हणून बूस्टरभोवतीच्या जागेचे अब्जावधी बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात क्षणाक्षणाचा हिशेब करायचा. मंगळावर उतरायच्या यानाच्या झोतांसाठी नासानं ओक रिजच्या समिट महासंगणकावर असे हिशेब केले. तिसरी वाट उडवून बघण्याची. तिची किंमत मोठी, पण तिथंच खोटं उघडं पडतं. मे २०२५ मध्ये स्पेसएक्सच्याच स्टारशिप या मोठ्या रॉकेटच्या नवव्या उड्डाणात त्याचा सुपर हेवी बूस्टर मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त तिरका धरून खाली आणला, हवेकडून जास्त ब्रेक मिळावा आणि इंधन वाचावं म्हणून. शेवटची इंजिनं पेटताच तो फुटला. कंपनीनं नंतर सांगितलं की तिरकेपणामुळं अंदाजापेक्षा जास्त जोर आला आणि इंधन नेणारी आतली नळी निकामी झाली असावी. एवढे महासंगणक असूनही हवेचा रेटा अंदाजाबाहेर गेला. यात कुणाचा हलगर्जीपणा दिसत नाही मला; हवा खरोखरच इतकी अवघड आहे.

शेवटच्या एका रुपयाबद्दल थोडक्यात. रिकाम्या बूस्टरचं वजन पंचवीस टनांच्या आसपास धरलं, तर नुसत्या हवेच्या भरवशावर तो जमिनीजवळ ताशी सातशेच्या खाली जाणार नाही, असा माझा हिशेब निघतो. तिथून पुढं इंजिनच हवं. आणि फाल्कनचं एकच इंजिन, कमीत कमी जोरावर ठेवलं तरी, रिकाम्या बूस्टरच्या वजनापेक्षा जास्त ढकलतं. म्हणजे तरंगत थांबून जागा बघायची सोय नाही. वेग शून्य आणि उंची शून्य एकाच क्षणी व्हायला हवेत. लवकर पेटवलं तर बूस्टर पुन्हा वर जाऊ लागेल, उशिरा पेटवलं तर संपलंच. हा क्षण निवडणारं गणित स्पेसएक्सचे अभियंते लार्स ब्लॅकमोर आणि इतरांनी बसवलं. पण त्या गणिताला हवेचा अंदाज लागतोच. शेवटच्या काही किलोमीटरांत वारा किती, बूस्टर किती कलला, झोत पेटल्यावर हवेचा अडथळा किती उतरला, हे चुकलं तर गणित बरोबर असूनही उतरणं चुकतं. २१ डिसेंबर २०१५ रोजी केप कॅनव्हरलला हे पहिल्यांदा पूर्णपणे जमलं. आता काही बूस्टर तीसहून जास्त वेळा उडून आले आहेत.

आपल्याकडं इस्रोनं आधी वेगळी वाट धरली, पंखांची. मे २०१६ मध्ये श्रीहरिकोटाहून उडालेलं पंखवालं प्रायोगिक यान पासष्ट किलोमीटरवर गेलं, आवाजाच्या पाचपट वेगानं परत आलं आणि बंगालच्या उपसागरात उतरलं. मग २०२३ आणि २०२४ मध्ये चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडलेलं यान तीनदा स्वतःहून धावपट्टीवर उतरलं. शेवटच्या वेळी उतरतानाचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर होता. सप्टेंबर २०२२ मध्ये थुंब्याहून रोहिणी रॉकेटवर वायूनं फुगणाऱ्या ब्रेकचीही चाचणी झाली, केव्हलार कापडाच्या. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ८२४० कोटींच्या नव्या पिढीच्या प्रक्षेपक यानाला मंजुरी दिली. तीस टन खालच्या कक्षेत नेणारं हे यान, पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारा. म्हणजे वर सांगितलेले सगळे प्रश्न, झोत, फिन, तोलबिंदू, आता इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या केंद्राच्या टेबलावर आहेत. तिथं डिसेंबर २०२२ मध्ये चालू झालेला १६० मीटर लांबीचा विंड टनेल आवाजाच्या एक पंचमांशापासून चौपटीपर्यंतचा वेग देतो. चाळणीची खोड ज्या पट्ट्यात दिसते तो पट्टा यात पूर्ण येतो. बंगळूरला एनएएलचा, म्हणजे राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचा, असाच बोगदा १९६० च्या दशकापासून चालू आहे.

मामांना हे सगळं मी तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, बहुतेक चहाच्या वेळी. गेल्या प्रक्षेपणाला ते रात्री जागे होते. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पहिल्या जाळापास्नं शेवटच्या जाळापतोर मधी दीड-एक मिनिट आग न्हाईच. तेवढ्यात आकडा साडेपाच हजारावरनं हजारावर आला. ह्यो सगळा वाऱ्याचा हात न्हवं?"

मी होय म्हणालो. त्यांनी पेन्सिल घेतली आणि प्लायवूडच्या तुकड्यावर एक चौकोनी घर काढलं, चारी भिंतींची पुढची कड मागं झुकवून. पॅटर्न वाळूतून सहज सुटावा म्हणून भिंतींना जो उतार देतात त्याला आम्ही ड्राफ्ट म्हणतो. मग विचारलं, "वाळूत हे काढायचं झालं तर ड्राफ्ट कुठल्या अंगाला द्यायचा?"